सूचनाफलक ते इनबॉक्स : मराठी ई-मेलची मांडणी आणि आधुनिक सीएसएस – एक समीक्षा

बीजसंज्ञा : एचटीएमएल ई-मेल, सीएसएस, देवनागरी, युनिकोड, महाविद्यालयीन सूचना, सुगम्यता

१. प्रास्ताविक

महाविद्यालयाचा सूचनाफलक पूर्वी भिंतीवर असे. जावक क्रमांक, दिनांक, विषय आणि प्राचार्यांची स्वाक्षरी असलेला कागद काचेच्या दाराआड लावला की सूचना प्रसिद्ध झाली असे मानले जाई. लिहिणाऱ्याने जो कागद लावला तोच कागद वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येई. गेल्या दोन दशकांत या फलकाचा मोठा भाग ई-मेलमध्ये गेला. परीक्षा अर्जाची मुदत, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, चर्चासत्राचे निमंत्रण, शोधनिबंधांसाठीचे आवाहन, मूल्यांकनासाठी मागविलेली माहिती हे सर्व आता इनबॉक्समध्ये येते. परंतु कागदी सूचनेचा मूळ गुणधर्म ई-मेलला नाही. पाठविणारा मजकूर आणि मांडणीच्या आज्ञा पाठवितो. त्यांतून पान उभे करण्याचे काम वाचणाऱ्याकडील आज्ञावली करते. एकच ई-मेल प्राचार्यांच्या कक्षातील संगणकावर एक रूप घेते, प्राध्यापकाच्या भ्रमणध्वनीवर दुसरे आणि विद्यार्थ्याच्या जुन्या हँडसेटवर तिसरे.

ई-मेलच्या भाषेची चिकित्सा होते, शुद्धलेखनाची होते. मांडणीकडे मात्र केवळ सजावट म्हणून पाहिले जाते. सजावटीबद्दल मतभेद असू शकतात, पण सूचनेतील अंतिम तारीख वाचकाला दिसली की नाही हा रुचीचा प्रश्न नव्हे. कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कडेच्या वस्त्यांतून शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला ती तारीख दिसली नाही तर त्याचे वर्ष जाऊ शकते. या दृष्टीने मराठी ई-मेलच्या प्रचलित मांडणीचे परीक्षण करणे आणि आधुनिक सीएसएस या शैलीव्यवस्थेने तीत काय साधते व काय बिघडते याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. शैलीपत्रक आणि टपालपेटी : दोन स्वतंत्र परंपरा

ई-मेल मूलतः साध्या मजकुराचे माध्यम होते. जून १९९२ मध्ये माइम हे प्रमाणक प्रसिद्ध झाले आणि एकाच ई-मेलमध्ये निरनिराळ्या प्रकारचा आशय, तसेच एकाच मजकुराची साधी व सजविलेली अशी दोन रूपे एकत्र पाठविण्याची सोय झाली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जुलै १९९६ मध्ये हॉटमेल आले आणि वेब पानावरच पत्रव्यवहार करण्याची सवय लागली.

सीएसएसचा प्रवाह वेगळा होता. हॉकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने त्याची पहिली पातळी प्रमाणित केली. आशय एकीकडे आणि त्याचे रूप दुसरीकडे असे विभाजन करणे हे त्यामागील तत्त्व होते. वेबच्या क्षेत्रात ते तत्त्व रुजले. स्तंभांसाठी तक्ते वापरण्याची जुनी रीत हळूहळू मागे पडली; जून २०१२ मध्ये पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या मीडिया क्वेरी प्रमाणित झाल्या आणि २०१७ पासून ग्रिड ही मांडणीपद्धती प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध झाली.

ई-मेलमध्ये मात्र हा प्रवास सरळ झाला नाही. २००७ च्या आऊटलूकने ई-मेल दाखविण्यासाठी ब्राउझरचे इंजिन सोडून वर्डचे इंजिन स्वीकारले. वर्ड हे कागदावरील दस्तऐवजासाठी घडविलेले साधन असल्याने पार्श्वचित्रे, कमाल रुंदीची मर्यादा, तरंगते स्तंभ यांसारख्या गोष्टी तेथे निष्फळ ठरल्या. जीमेलने २००४ पासून कित्येक वर्षे ई-मेलच्या शिरोभागात लिहिलेली शैली काढून टाकण्याचे धोरण ठेवले. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने शिरोभागातील शैली व मीडिया क्वेरी यांना मान्यता दिली. आजही सीएसएसमधील चल, म्हणजे एकदा नाव देऊन पुनःपुन्हा वापरावयाची मूल्ये, ॲपल मेलमध्ये चालतात. जीमेलमध्ये आणि वर्डवर आधारलेल्या आऊटलूकमध्ये चालत नाहीत. आऊटलूकची नवी आवृत्ती वेबच्या इंजिनावर बेतलेली असली तरी जुनी आवृत्ती अनेक कार्यालयांतून वापरात आहे.

यास केवळ कंपन्यांचा हट्ट म्हणणे योग्य होणार नाही. वेबमेलमध्ये आलेले पत्र हे दुसऱ्या एका पानाच्या पोटात उघडते. पत्रातील शैलीला मोकळीक दिली तर ती बाहेरच्या पानाची बटणे झाकू शकेल, मजकूर लपवू शकेल आणि फसवणुकीस वाट करून देईल. म्हणून टपालपेटी आलेल्या प्रत्येक पत्राची झडती घेते आणि संशयास्पद वाटेल ते गाळते. या झडतीत निर्दोष शैलीही गळते. ई-मेलच्या रचनाकाराने हे गृहीत धरूनच रचना केली पाहिजे.

३. देवनागरीच्या विशेष गरजा

ई-मेलच्या मांडणीविषयीचे बहुतांश नियम रोमन लिपी समोर ठेवून सांगितले जातात. ते जसेच्या तसे मराठीला लावले की चार ठिकाणी अडचण येते.

पहिली अडचण टंकाची आहे. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या टंकांत लिहिला जाई. वाचणाऱ्याकडे तोच टंक नसेल तर पत्राऐवजी रोमन चिन्हांची निरर्थक माळ दिसे. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले आणि विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकावर मराठी लिहिण्या-वाचण्याची व्यवस्था आली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराच्या आरेखनातून सिद्ध झाला होता, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. सीएसएसच्या साहाय्याने स्वतःचा टंक पत्रासोबत पाठविण्याची कल्पना १९९८ च्या दुसऱ्या पातळीत आली. परंतु ई-मेलमध्ये तिची मान्यता आजही अपुरी आहे. ॲपल मेल असा टंक स्वीकारते, जीमेल स्वीकारत नाही. सुदैवाने आता बहुतेक यंत्रांत स्वतःचा देवनागरी टंक असतो. तेव्हा विशिष्ट टंकाचा आग्रह धरून रचना करणे म्हणजे बहुसंख्य वाचकांना न दिसणारे रूप सजविणे होय.

दुसरी अडचण ओळींमधील अंतराची आहे. रोमन लिपीत अक्षरांची उंची मर्यादित असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि चंद्र येतात; खाली उकार, ऋकार व जोडाक्षरांचे पाय येतात. 'विद्यार्थ्यांनी' या नित्याच्या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार हे तिन्ही शिरोरेषेच्या वर आहेत. रोमन मजकुरासाठी बेतलेल्या साच्यात ओळीची उंची अक्षराच्या सव्वापट असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. वर्डच्या इंजिनात ओळीची उंची 'नेमकी इतकीच' अशी ठरवून दिली तर वरखालची चिन्हे कापली जातात. अनुस्वार कापला गेला की 'विद्यार्थ्यांनी'चे 'विद्यार्थ्यानी' होते आणि अनेकवचनाची एक खूण पुसली जाते. खिळ्यांच्या छपाईच्या काळातही देवनागरीच्या मात्रा-उकारांनी जुळाऱ्यांना असेच अडचणीत आणले होते. देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लोकमान्य टिळकांनीही लक्ष घातले होते. प्रश्न जुना आहे, यंत्र नवे आहे.

तिसरी अडचण अलंकरणाची आहे. शीर्षकातील अक्षरांत अंतर सोडणे हा रोमन मांडणीतील प्रतिष्ठित अलंकार आहे. तोच देवनागरीला लावला तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. तिरप्या अक्षरांची परंपरा देवनागरीत दुबळी आहे. मजकूर दोन्ही कडांना जुळविण्याची छापील पुस्तकातील रीत भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर आणली, तर 'विद्यापीठांतर्गत', 'अभ्यासक्रमांसाठी' असे लांब शब्द ओळीत मावत नाहीत आणि ओळीत मोठमोठी भगदाडे पडतात.

चौथी अडचण भाषेच्या नोंदीची आहे. एचटीएमएलमध्ये मजकुराची भाषा सांगण्याची सोय आहे. ही नोंद डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ही रूपे मान्य केली. टंकात ही रूपे असली तरी मजकूर मराठी आहे हे आज्ञावलीला कळल्याशिवाय अनेकदा ती प्रकट होत नाहीत. हिंदीत रूढ असलेली रूपे पुढे येतात. तयार साच्यात 'इंग्रजी' अशी नोंद तशीच राहिली तर दृष्टिबाधित वाचकाची वाचक-आज्ञावली मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावू पाहते. कन्नड येथील कार्यालयाने तर येथे दुहेरी सावध राहावे. भाषांच्या यादीतील 'कन्नड' हे गावाचे नाव नसून शेजारच्या राज्याच्या भाषेचे आहे, हे यंत्राला ठाऊक असते. घाईत असलेल्या लिपिकाच्या ध्यानात येईलच असे नाही.

४. प्रचलित मराठी ई-मेलचे तीन प्रकार

महाविद्यालयीन व्यवहारात दिसणाऱ्या मराठी ई-मेलचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

*(अ) भित्तिपत्रक-ई-मेल.* संपूर्ण निमंत्रण एका चित्रात बसवून ते पत्रात चिकटविले जाते. त्यात संस्थेचे बोधचिन्ह, पाहुण्यांची छायाचित्रे, रंगीत पार्श्वभूमी आणि सुलेखनातील शीर्षक असते. हा प्रकार लोकप्रिय का झाला हे समजण्यासारखे आहे. टंकाचा घोटाळा टाळण्याचा तोच एक खात्रीचा उपाय होता, आणि युनिकोडपूर्व काळातील त्या अनुभवाची सवय अजून सुटलेली नाही. चित्र सर्वत्र सारखे दिसते हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु चित्रातील मराठी ही यंत्राच्या दृष्टीने भाषाच नव्हे. चित्रे आपोआप उघडण्याची सोय बंद असेल तेथे कोरी चौकट दिसते. चार इंची पडद्यावर अख्खे भित्तिपत्रक आक्रसले की नोंदणीची मुदत वाचण्यासाठी ते बोटांनी ताणावे लागते. त्यातील दुव्यावर बोट ठेवता येत नाही. खाते क्रमांकाची प्रत करून घेता येत नाही. सहा महिन्यांनी प्रमाणपत्रासाठी तेच पत्र शोधू गेल्यास शोधपेटीत विषयाचे शब्द टाकूनही ते सहजी सापडत नाही. दृष्टिबाधित विद्यार्थ्याला तर 'चित्र' एवढाच शब्द ऐकू येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य असावा अशी जबाबदारी घातली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. अशा भाषेतील सूचना तिच्याच महाविद्यालयांतून मुक्या चित्रांच्या रूपाने पाठविल्या जाव्यात हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

*(आ) वर्डमधून उचललेली ई-मेल.* कार्यालयात तयार केलेले पत्र वा वेळापत्रक वर्डमधून उचलून थेट ई-मेलमध्ये ठेवले जाते. मजकूर खरा राहतो, हे त्याचे श्रेय. पण प्रत्येक परिच्छेदासोबत आणि तक्त्याच्या प्रत्येक घरासोबत शैलीच्या आज्ञांचा अदृश्य भार येतो. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र मध्येच तोडते आणि शेवटी पूर्ण संदेश पाहण्याचा एक बारीक दुवा ठेवते. या मर्यादेचा मराठीशी संबंध हिशेबाने स्पष्ट होतो. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतनात साध्या रोमन अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. 'विद्यार्थी' या शब्दात दहा चिन्हे आहेत. त्यास ३० बाइट लागतात.

उदाहरणादाखल ४० ओळी व ६ स्तंभ असलेले, म्हणजे २४० घरांचे परीक्षेचे वेळापत्रक घेऊ. प्रत्येक घरास ४०० बाइटांची शैली चिकटली आहे आणि प्रत्येक घरात सरासरी २५ चिन्हे आहेत असे धरले, तर शैलीचे ९६,००० बाइट होतात. मजकूर इंग्रजी असेल तर त्याचे ६,००० बाइट मिळवून बेरीज १,०२,००० होते. १०२ किलोबाइट म्हणजे १,०४,४४८ बाइट असल्याने पत्र जेमतेम मर्यादेत राहते. मजकूर मराठी असेल तर त्याचे १८,००० बाइट होतात, बेरीज १,१४,००० वर जाते आणि पत्र तुटते. तुटते ते अर्थातच शेवटच्या भागात, जेथे टीपा, हरकतींची मुदत आणि संपर्काचा तपशील असतो. येथे दोष मराठीचा नाही. ९६,००० बाइट अदृश्य शैलीवर खर्च झाले, हा दोष आहे.

*(इ) साच्यातील ई-मेल.* वार्तापत्र पाठविणाऱ्या सेवेचा तयार साचा घेऊन त्यात मराठी मजकूर भरला जातो. वरील दोन्ही प्रकारांपेक्षा हा अधिक शिस्तीचा असतो. मात्र साचा इंग्रजीसाठी बेतलेला असल्याने तिसऱ्या विभागात नोंदविलेले सर्व दोष त्यात एकत्र येतात : ओळी दाटलेल्या, शीर्षकाची शिरोरेषा तुटलेली, भाषेची नोंद इंग्रजी. गडद पार्श्वभूमीची सोय वापरणाऱ्या वाचकाकडे रंगांची उलटापालट होते आणि पारदर्शक पार्श्वभूमीवरील काळे बोधचिन्ह काळोखात बुडते.

तिन्ही प्रकारांत समान असलेला आणखी एक दोष मांडणीचा की लेखनाचा, हे सांगणे कठीण आहे. इनबॉक्सच्या यादीत विषयाशेजारी पत्राचे पहिले काही शब्द दिसतात. मराठी कार्यालयीन पत्र 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' अशा वाक्यांशाने सुरू होते. कागदावर हा वाक्यांश शिष्टाचार म्हणून शोभतो. इनबॉक्समध्ये तो मोक्याची जागा अडवून बसतो आणि तारीख आत दडून राहते. शिष्टाचार टाळावा असे येथे सुचवावयाचे नाही. तारीख आणि कृती त्याच्या आधी एका ओळीत यावी, एवढेच पुरेसे आहे.

५. आधुनिक सीएसएसचा पक्ष

वरील दोष पाहून साध्या मजकुराकडे परतावे असे मत मांडले जाते. ई-मेल हे पत्र आहे, पान नव्हे, असा त्यामागील युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे; एका परिच्छेदाच्या सूचनेला सजावटीची गरज नसते. परंतु साध्या मजकुरात वेळापत्रकाचा तक्ता नीट उभा राहत नाही, शीर्षक व मजकूर यांची श्रेणी दाखविता येत नाही आणि देवनागरीस हवे तेवढे ओळींचे अंतरही मागता येत नाही. मराठी वाचकाला मांडणीची गरज इंग्रजी वाचकाहून कमी नाही, किंबहुना अधिक आहे.

दुसऱ्या टोकाचे मत असे की वेबवर जे चालते ते सर्व ई-मेलमध्ये वापरावे. मागे राहिलेल्या आज्ञावल्या आज ना उद्या सुधारतील. या मताचा दोष असा की त्यात वाट पाहण्याचा भार वाचकावर टाकला जातो. रचनाकाराचा संगणक नवा असतो. मुदत चुकते ती जुन्या हँडसेटवाल्याची.

या दोन मतांमध्ये निवड करण्यासाठी एक निकष पुरेसा ठरतो : एखादी शैली गळून पडली तरी सूचना पूर्ण वाचता येते काय? येत असेल तर ती शैली कितीही आधुनिक असो, वापरण्यास हरकत नाही. येत नसेल तर ती कितीही रूढ असो, त्याज्य आहे. गोलाई असलेली चौकट वर्डच्या इंजिनात चौकोनी दिसली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण ग्रिडच्या आधारे शेजारी-शेजारी ठेवलेले 'विषय' आणि 'तारीख' हे स्तंभ ग्रिड न मानणाऱ्या आज्ञावलीत एकाखाली एक कोसळले, तर कोणत्या विषयाची कोणती तारीख हे कळेनासे होते. वेळापत्रक हा खराखुरा तक्ता आहे. त्यास तक्त्याचीच खूण द्यावी. ती सर्व आज्ञावल्यांना समजते आणि वाचक-आज्ञावलीलाही घर व शीर्षक यांचा संबंध सांगते.

हाच निकष लावला तर आधुनिक सीएसएसचा एक अनपेक्षित लाभ दिसतो. २०१६ पासून जीमेल शिरोभागातील शैली स्वीकारते. तेव्हा वेळापत्रकाच्या प्रत्येक घरावर ४०० बाइटांची शैली लिहिण्याऐवजी ती एकदाच शिरोभागात लिहून प्रत्येक घरास सुमारे २० बाइटांची खूण देता येते. त्यामुळे ९६,००० बाइटांच्या जागी सुमारे ५,२०० बाइट लागतात आणि मराठीचे १८,००० बाइट सुखाने मावतात. जेथे शिरोभागातील शैली मानली जात नाही (उदाहरणार्थ, जीमेलच्या ॲपमध्ये अन्य सेवेचे खाते जोडलेले असता) तेथेही तक्त्याच्या रेघा व घरांतील मोकळी जागा एचटीएमएलच्या जुन्या गुणधर्मांनी राखता येते. वेळापत्रक साधे दिसेल, पण वाचता येईल. इंग्रजी ई-मेलसाठी हा काटकसरीचा प्रश्न आहे. मराठीसाठी तो पत्र पूर्ण पोहोचण्याचा प्रश्न आहे.

मीडिया क्वेरीचेही असेच. एका स्तंभाची, सुमारे ६०० पिक्सेल रुंदीपर्यंत वाढणारी मूळ रचना करून अरुंद पडद्यासाठी अक्षराचा आकार वाढविण्याची सूचना शिरोभागात द्यावी. ती मानली गेली तर वाचन सुखकर होते, न मानली गेली तरी मजकूर शाबूत राहतो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट, तीही 'किमान इतकी' अशा रूपात, प्रत्येक परिच्छेदावर थेट लिहावी. कारण मराठीत ती अलंकार नसून लिपीची गरज आहे आणि म्हणून शिरोभागाच्या भरवशावर सोडता येत नाही. टंकांच्या यादीत पाठविणाऱ्याचा आवडता टंक प्रथम असला तरी पुढे यंत्रातील देवनागरी टंकांची नावे असावीत. भाषेची नोंद मराठी असावी. बोधचिन्हास पर्यायी मजकूर असावा. निमंत्रणाचे चित्र हवेच असेल तर ते मजकुराखाली, मजकुराच्या जोडीने असावे. मजकुराच्या जागी नसावे.

संकेतनाची एक बाब पडद्यामागे राहते, पण ती महत्त्वाची आहे. ई-मेलच्या प्रमाणकानुसार एका ओळीत ९९८ हून अधिक बाइट असू नयेत. देवनागरीत ही मर्यादा ३३२ चिन्हांतच संपते. म्हणजे मध्यम आकाराचा एक मराठी परिच्छेदही सलग ओळीत लिहिला तर ती ओलांडतो. ओळ एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मध्येच तोडली गेल्यास त्या जागी प्रश्नचिन्हाची चौकट उमटू शकते. प्रचलित सेवा बेस-६४ वा तत्सम संकेतन वापरून हे टाळतात. महाविद्यालयाने स्वतःच्या संगणकप्रणालीतून सामूहिक ई-मेल पाठविण्याची व्यवस्था करून घेतली असेल, तर तेथे हे संकेतन निवडलेले आहे याची खात्री करून घ्यावी.

६. परीक्षणाची रीत

पुस्तकाचे मुद्रित तपासल्याखेरीज ते छापावयास जात नाही. ई-मेलचे मुद्रित तपासण्याची प्रथा मात्र रुजलेली नाही. पाठविणारा स्वतःच्या पडद्यावर एकदा पाहतो आणि कळ दाबतो. रचना तपासण्याची ही जागा चुकीची आहे. कार्यालयात उपलब्ध असलेला सर्वांत जुना संगणक, एखाद्या शिपायाचा वा विद्यार्थ्याचा साधा भ्रमणध्वनी, चित्रे बंद केलेली टपालपेटी आणि गडद पार्श्वभूमी अशा चार परिस्थितींत पत्र उघडून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत : काय करावयाचे आहे, केव्हापर्यंत आणि कोठे? तिन्हींची उत्तरे पत्र न ताणता, न शोधता मिळाली तर मांडणी यशस्वी झाली असे समजावे. एनव्हीडीए ही विनामूल्य वाचक-आज्ञावली संगणकावर बसवून पत्र एकदा ऐकावे. डोळ्यांनी न दिसणारे दोष कानांना तत्काळ कळतात.

हे काम संगणकशास्त्र विभागाचे की मराठी विभागाचे, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. ओळीची उंची किती असावी हे संगणकशास्त्राचा अध्यापक आज्ञावलीला सांगू शकतो. ती तेवढी का असावी हे लिपी जाणणारा सांगू शकतो. एकाच परिसरात दोन्ही विभाग असणे हे महाविद्यालयाचे सामर्थ्य आहे. दोहोंनी मिळून संस्थेसाठी मराठीचा एक साचा तयार केला, तर तो पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्पही होईल.

७. समारोप

आधुनिक सीएसएस वापरावे की न वापरावे, असा प्रश्नच मुळात अपुरा आहे. शैली कोणासाठी, हे आधी ठरले पाहिजे. पाठविणाऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी असेल तर भित्तिपत्रक पुरेसे आहे. वाचणाऱ्यासाठी असेल तर तीन गोष्टी अटळ ठरतात : मराठी मजकूर हा मजकूरच राहिला पाहिजे, लिपीला लागणारी जागा तिला मिळाली पाहिजे, आणि जी शैली गळून पडण्याची शक्यता आहे तिच्यावर अर्थाचा भार टाकता कामा नये. या मर्यादेत राहून सीएसएस जितके आधुनिक वापरता येईल तितके वापरावे. वेळापत्रकाच्या हिशेबाने दाखविल्याप्रमाणे त्यात मराठीचा लाभच आहे.

भिंतीवरील फलकापुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला सूचना दिसत नसेल तर तो शेजारच्याला विचारू शके. इनबॉक्समध्ये प्रत्येकजण एकटाच वाचतो, आणि तुटलेल्या पत्राखालचा दुवा त्याने पाहिला की नाही हे पाठविणाऱ्यास कळत नाही. सूचना पाठविल्याची नोंद जावक वहीत होते. ती वाचता आली की नाही याची नोंद कोठेच होत नाही. म्हणून ती वाचता येईल अशा रीतीने पाठविण्याची जबाबदारी सर्वस्वी पाठविणाऱ्या संस्थेची ठरते.